पाण्याखालच्या तीन किक

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच कापलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा. गाडी चालवत असाल तर आत्ता बंद करा, घरी पोचल्यावर ऐका. एपिसोड कुठे पळून जात नाही.

आज एका शर्यतीबद्दल बोलायचंय. पूर्ण एक मिनिटाचीसुद्धा नाही ती. २९ जुलै २०१२, लंडन ऑलिंपिक, पुरुषांची १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची फायनल. दक्षिण आफ्रिकेचा कॅमेरॉन व्हॅन डर बर्ग ५८.४६ सेकंदांत जिंकला. गोल्ड मेडल, वर जागतिक विक्रम. पंचांनी काही आक्षेप घेतला नाही, कुणी बाद झालं नाही, राष्ट्रगीत वाजलं, सगळं रीतसर. आणि मग काही दिवसांनी ऑस्ट्रेलियातल्या एका वृत्तपत्राशी बोलताना त्याने स्वतःच सांगून टाकलं, की हो, पाण्याखाली मी जे केलं ते नियमात बसत नाही. आणि मी एकटा नाही, जवळपास सगळेच करतात.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे चीटर निघाला, विषय संपला. मलाही हे पहिल्यांदा वाचल्यावर तसंच वाटलं होतं. पण या माणसाची आणि या शर्यतीची गोष्ट मागे-पुढे वाचत गेलो तसा विषय संपेना. म्हणून आजचा एपिसोड.

आधी ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे काय ते दोन मिनिटांत. ज्यांनी टँकवर शिकलंय त्यांना माहितीच आहे. ज्यांनी गावाकडे विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलंय, त्यांनी याला सरळ बेडकासारखं पोहणं म्हटलं असेल. दोन्ही हात एकदम पुढे, मग बाजूला, मग छातीशी. दोन्ही पाय एकदम आखडायचे आणि गोल झटका देऊन मागे. दिसायला सगळ्यात सोपा प्रकार. पहिल्या दिवशी बरीच मुलं यातच थोडंफार पुढे सरकतात. आपल्या संदीप सेजवालने २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कांस्य जिंकलं होतं, तो हाच प्रकार.

पण शर्यतीत हा सगळ्यात हळू प्रकार आहे, आणि फरक थोडाथोडका नाही. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलचा जागतिक विक्रम ४६.४० सेकंद आहे, चीनच्या पान झानलेचा, पॅरिस २०२४मधला. ब्रेस्टस्ट्रोकचा ५६.८८, ब्रिटनच्या ॲडम पीटीचा, २०१९चा. दहा सेकंदांहून जास्त! कारण असं की फ्रीस्टाइलमध्ये हात पाण्याबाहेरून, हवेतून पुढे येतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पाण्यातूनच पुढे न्यायचे, पायही पाण्यातच आखडायचे. प्रत्येक वेळी गुडघे वर घेतले की मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि ब्रेक लागल्यासारखं होतं. जोर लावा, ब्रेक लागतो, परत जोर, परत ब्रेक. शंभर मीटर हेच चालतं.

आता पोहणाऱ्याच्या डोक्याने विचार करा. तुम्ही स्टार्टिंग ब्लॉकवरून उडी मारता. पाण्यात शिरता त्या क्षणी तुमचा वेग संपूर्ण शर्यतीत सगळ्यात जास्त असतो. त्यानंतर तो फक्त कमी होत जाणार. मग तुम्हाला काय वाटेल? हा वेग जितका टिकेल तितका टिकवावा, पाण्याखालीच राहावं, वर येऊन ते ब्रेकवालं पोहणं जितकं उशिरा सुरू होईल तितकं बरं. आणि पाण्याखाली वेग टिकवायचा सगळ्यात भारी उपाय म्हणजे डॉल्फिन किक. दोन्ही पाय जोडून, कमरेपासून लाटेसारखा खाली फटका. फ्लायमध्ये असतो तो.

इथेच नियम आडवा येतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डॉल्फिन किक मारायला परवानगी नाही. अपवाद फक्त एकच: उडीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर पाण्याखाली एक. फक्त एक. त्याला जोडून हातांचा एक लांब ओढा, थेट मांड्यांपर्यंत, मग एक ब्रेस्टस्ट्रोक किक, आणि डोकं वर. या सगळ्याला पुलआउट म्हणतात. १०० मीटरमध्ये, म्हणजे पन्नास मीटरच्या टँकमध्ये, हे दोनदा होतं. एकदा उडीनंतर, एकदा वळणानंतर. म्हणजे कायदेशीर डॉल्फिन किक पूर्ण शर्यतीत मोजून दोन.

व्हॅन डर बर्गच्या उडीनंतरच्या पुलआउटमध्ये तीन दिसतात.

आणि कुणाला दिसतात? टीव्हीवर बघणाऱ्या सगळ्यांना! कारण लंडनच्या टँकच्या तळाशी प्रक्षेपणासाठी कॅमेरे होते. अख्ख्या जगाने निळ्या पाण्यातले ते सुंदर शॉट बघितले. फक्त ज्यांनी निर्णय द्यायचा त्यांना ते बघायची मुभा नव्हती. पंच टँकच्या काठाने चालत होते, वरून बघत होते, आणि वरून काय दिसतं? फेस, बुडबुडे, लाटांत हलणारी आकृती. शंका असेल तर फायदा पोहणाऱ्याला. निकालावर तक्रार करायची तर ती शर्यतीनंतर तीस मिनिटांत. पुढे कितीही व्हिडिओ फिरला तरी निकाल पक्का.

हा झगडा लंडनमध्ये सुरू झाला नाही, हेही सांगायला हवं. मला तर वाटतं ब्रेस्टस्ट्रोकचा सगळा इतिहासच असा आहे, पोहणारे फट शोधतात आणि नियम मागून धापा टाकत येतो. १९३०च्या दशकात काही जणांनी हात पाण्याबाहेरून पुढे फेकायला सुरुवात केली, कारण तेव्हाच्या नियमात तसं करू नका असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकपर्यंत ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत जवळपास सगळेच तसं पोहत होते. शेवटी तो प्रकारच वेगळा काढावा लागला. तो म्हणजे आजचा बटरफ्लाय! मग १९५६ला मेलबर्नमध्ये जपानच्या मासारू फुरुकावाने २०० मीटर जिंकली ती बराचसा वेळ पाण्याखाली राहून. लगेच पाण्याखालच्या पोहण्यावर बंदी आली, आणि तेव्हापासून दर स्ट्रोकला डोकं वर दिसलं पाहिजे हा आग्रह सुरू झाला.

आणि मग अथेन्स, २००४. हे नीट ऐका, कारण यातला एक माणूस पुन्हा भेटणार आहे. १०० मीटर फायनल. एका बाजूला जपानचा कोसुके किताजिमा, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा ब्रेंडन हॅन्सन. हॅन्सनने त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या निवड चाचणीत ५९.३० असा जागतिक विक्रम केलेला. तारीख १५ ऑगस्ट, हॅन्सनचा तेविसावा वाढदिवस. किताजिमा जिंकला, १:००.०८. हॅन्सन १:००.२५. फरक ०.१७ सेकंद.

हॅन्सन स्वतः फार काही बोलला नाही. पण त्याच्या संघातला आरॉन पीअरसोल, बॅकस्ट्रोकवाला, तो उघडपणे म्हणाला की किताजिमाने पाण्याखाली डॉल्फिन किक मारली, आणि ती जाणूनबुजून मारली. तेव्हा तर एकही किक चालत नव्हती बरं का. जपानने आरोप फेटाळला, पंचांनी काही पाहिलेलं नव्हतं, मेडल किताजिमाकडेच राहिलं. आणि पुढच्या वर्षी, २००५मध्ये, जलतरणाच्या जागतिक संघटनेने, तेव्हा तिला फिना म्हणायचे, नियम बदलला. एक किक मारा म्हणाले.

मला ही गोष्ट भारी मजेशीर वाटते आणि थोडी उदासही करते. एखादी गोष्ट पकडता येत नाही, तर तिला परवानगी देऊन टाका. पण एकाला परवानगी दिल्याने प्रश्न सुटला का? नाही ना. आधी पंचाला बघायचं होतं, किक मारली की नाही. आता बघायचं, एक मारली की दोन. तेही फेसाखाली. उलट अवघड करून ठेवलं!

बरं, आता लंडन. पण लंडनला जायच्या आधी एका अशा माणसाबद्दल सांगायचंय जो तिथे नव्हता.

अलेक्झांडर डाले ओएन. नॉर्वेचा, बर्गन शहरातला. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये याच १०० मीटरमध्ये त्याचं रौप्य होतं, किताजिमाच्या मागे. २०११च्या जुलैमध्ये शांघायला जागतिक स्पर्धा होती. २२ जुलैला इकडे नॉर्वेत तो भयंकर हल्ला झाला, ओस्लोमध्ये बॉम्ब आणि मग उटोया बेटावर गोळीबार. ७७ माणसं गेली, त्यातली बरीच कोवळ्या वयाची मुलं. तीन दिवसांनी, २५ तारखेला, डाले ओएनची फायनल होती. तो ५८.७१ मध्ये जिंकला, दुसऱ्या नंबरपेक्षा सात दशांश सेकंदांनी पुढे. या अंतरात हा फरक म्हणजे खूपच मोठा. भिंतीला हात लावला, वळला, आणि कॅपवरच्या नॉर्वेच्या झेंड्याकडे बोट दाखवलं. ओरडला नाही, पाण्यावर हात आपटले नाहीत. तो व्हिडिओ शोधून बघा. त्या शर्यतीत तिसरा आला होता व्हॅन डर बर्ग.

म्हणजे लंडनसाठी सगळ्यात पुढचं नाव डाले ओएनचं. आणि ३० एप्रिल २०१२ला, ऑलिंपिकला तीन महिने राहिले असताना, अमेरिकेत ॲरिझोनामधल्या फ्लॅगस्टाफला सराव शिबिरात तो गेला. हृदयविकार. वय २६. अंगाने इतका तंदुरुस्त माणूस, आणि आत हृदयाच्या रक्तवाहिन्या गंभीर आजारी होत्या, हे नंतर शवविच्छेदनात कळलं.

व्हॅन डर बर्ग त्याचा मित्र होता, आणि पाण्यात प्रतिस्पर्धी. पोहण्यात हे नातं विचित्र असतं. वर्षातून चार-पाच वेळा भेटता, त्याच हॉटेलात, त्याच टँकवर, आणि तुम्हाला रोज पहाटे उठायला लावणारा माणूस तोच असतो. कारण तुम्हाला त्याला हरवायचंय.

तर २९ जुलैची ती फायनल. आठ लेन. त्यात जरा कोण कोण होतं बघा. किताजिमा, लागोपाठ तिसऱ्या सुवर्णासाठी आलेला. ऑस्ट्रेलियाचा ब्रेंटन रिकर्ड, ज्याच्या नावावर ५८.५८चा विक्रम होता, २००९च्या रोममधला. ते रोम म्हणजे ते चकचकीत पूर्ण अंगाचे स्विमसूट होते ना, त्या काळातलं. एका स्पर्धेत ४३ जागतिक विक्रम झाले होते, आणि २०१०पासून ते सूट बंद झाले. त्यामुळे तो विक्रम साध्या कापडी जॅमरवर मोडणं बरेच जण अवघड समजत होते. आणि कडेच्या आठव्या लेनमध्ये कोण? ब्रेंडन हॅन्सन. हो, तोच अथेन्सवाला. मधल्या काळात निवृत्त होऊन परत आलेला, तिशीतला, आठव्या नंबरने कसाबसा फायनलला पोचलेला.

शर्यत फार थरारक वगैरे झाली नाही. व्हॅन डर बर्ग उडीपासूनच पुढे होता आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. ५८.४६. विक्रम ०.१२ने मोडला. ऑस्ट्रेलियाचा ख्रिश्चन स्प्रेंगर दुसरा, ५८.९३. तिसरा, कडेच्या लेनमधून, हॅन्सन! ५९.४९. आणि चौथा हंगेरीचा दानिएल ग्युर्ता, ५९.५३. किताजिमा पाचवा.

व्हॅन डर बर्ग दक्षिण आफ्रिकेचा पोहण्यात वैयक्तिक सुवर्ण जिंकणारा पहिला पुरुष ठरला. आणि ते मेडल, तो विक्रम त्याने डाले ओएनला अर्पण केला. ते खोटं नव्हतं असं मला मनापासून वाटतं. माणूस त्या क्षणी नाटक करत नव्हता. पण त्याच माणसाने वीसेक मीटर आधी... म्हणजे शर्यतीच्या पहिल्या काही सेकंदांत, पाण्याखाली तीन किक मारल्या होत्या. हेही तितकंच खरं.

नंतर त्याने जे सांगितलं त्याचा सारांश असा. सगळे करतात. तुम्ही केलं नाही तर मागे पडता. नैतिकदृष्ट्या हे बरोबर आहे असं काही नाही. पण चार वर्षांची मेहनत मी अशा कुणासाठी घालवणार नाही जो हेच करून सुटून जाणार आहे. आणि पुढे तो हेही म्हणाला, की पाण्याखालचे कॅमेरे आणा, माझी ना नाही. एका स्पर्धेत पंचांना असं फुटेज होतं तेव्हा कुणीच जास्तीची किक मारली नव्हती, हे उदाहरणही त्यानेच दिलं.

त्यावर अपेक्षेप्रमाणे दोन गट पडले. एक म्हणे मेडल काढून घ्या. दुसरा म्हणे निदान खरं तरी बोलला, बाकीचे तर गप्प बसले.

मला काय वाटतं ते सांगतो, पटलं नाही तर कळवा.

मेडल काढून घ्यावं असं मला वाटत नाही. एका लेनचं फुटेज तपासायचं तर आठही लेनचं तपासा, सेमीफायनलचं तपासा, हीटचं तपासा. जो बोलला त्यालाच फक्त शिक्षा केलीत तर पुढे आयुष्यात कुणी तोंड उघडणार नाही. आणि ज्यांच्याकडे चित्रं होती, तरी ज्यांनी बघायची नाहीत असं ठरवलं, त्या संघटनेचं काय? नियम करायचा, तो तपासायची सोय हाताशी असताना वापरायची नाही, आणि मग खेळाडूंच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडून द्यायचं. अशा नियमाचा दंड भरतो कोण? जो पाळतो तो. अगदी शब्दशः. तो मागे पडतो.

पण 'सगळेच करतात' हे वाक्य मला घशाखाली उतरत नाही. आपल्याला हे वाक्य नवीन आहे का? दहावी-बारावीच्या कॉपीपासून रात्रीच्या नो एंट्रीपर्यंत आपण हेच ऐकत मोठे झालो. आणि गंमत बघा, हे वाक्य म्हणणाऱ्याला ते खरं असण्याची गरज असते. कोण मोजायला गेलंय, सगळे म्हणजे किती? पाण्याखाली कुणाला दिसत नव्हतं म्हणूनच तर हा घोळ झाला, मग याला तरी कुठून दिसलं की 'सगळे'? समजा फायनलमध्ये आठातले सात करत होते. मग आठवा? किंवा नववा, जो फायनललाच पोचला नाही? त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, कधी माहीत होणारही नाही. तो घरी बसून टीव्हीवर ते तळाच्या कॅमेऱ्याचे शॉट बघत असेल आणि मोजत असेल. एक. दोन. तीन.

फरक तरी किती असतात या शर्यतीत! लंडनला तिसऱ्या आणि चौथ्यात ०.०४ सेकंद. पॅरिस २०२४ला याच १०० मीटरमध्ये इटलीचा निकोलो मार्तिनेंगी जिंकला ५९.०३मध्ये, आणि ॲडम पीटी आणि अमेरिकेचा निक फिंक दोघेही ५९.०५वर, दोघांना रौप्य. दोन शतांश! एक किक म्हणजे काय चीज आहे तिथे, तुम्हीच सांगा.

आणि हे फक्त ऑलिंपिकपुरतं नाही. एका जिल्हा स्पर्धेला गॅलरीत बसलो होतो. पुढच्या रांगेत एक बाबा आपल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सांगत होते, "पाण्याखाली दोन मार रे, वरून कुणाला दिसतंय." पोराने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला मागून कळलं नाही. त्याची हीट झाली, मी डोळे ताणून बघत होतो, आणि खरं सांगतो, मलाही काही दिसलं नाही. तिथे कुठे आलेत पाण्याखालचे कॅमेरे. तिथे काठावरचे एक सर आणि त्या पोराचं मन, एवढंच.

आता चौथ्या आलेल्या ग्युर्ताचं सांगतो, मघाशी त्याचं नाव मुद्दाम घेतलं होतं. कोणी किती किक मारल्या याचा हिशोब मी त्याच्या बाजूने लावत नाहीये, ते मला सांगता येणार नाही. फक्त पुढे काय झालं ते ऐका. त्याचं कांस्य चार शतांश सेकंदांनी गेलं. तीन दिवसांनी, १ ऑगस्टला, २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची फायनल होती. ग्युर्ता जिंकला, २:०७.२८, जागतिक विक्रम. घरच्या प्रेक्षकांचा मायकल जेमिसन त्याच्या ०.१५ सेकंद मागे होता, त्यामुळे आवाज केवढा झाला असेल कल्पना करा. आणि नंतर ग्युर्ताने त्या सुवर्णपदकाची एक प्रतिकृती बनवून घेतली आणि ती डाले ओएनच्या घरच्यांना दिली. जो लंडनला येऊ शकला नाही, त्याचं मेडल त्याच्या घरी पोचवलं. त्याच ऑलिंपिकमध्ये, त्याच मित्रासाठी, दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी केल्या. मी व्हॅन डर बर्गला कमी लेखत नाहीये. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या की मला जरा थांबायला होतं.

नियमाचं पुढे काय झालं? ती एक किक नेमकी कधी मारायची, यावर आधी वेळेची बंधनं होती, हात ओढायला सुरुवात केल्यावर वगैरे. लंडननंतर ती सैल केली. आता पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी कधीही मारा, पण मारा एकच. हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं झालं, कारण वेळ कोण मोजणार होतं. आणि अलीकडच्या मोठ्या स्पर्धांत पाण्याखालचं चित्रण निर्णयासाठी वापरायला लागलेत. म्हणजे २०१२ला टीव्हीवाल्यांकडे जे होतं ते पंचांकडे यायला इतका वेळ गेला.

व्हॅन डर बर्गचा विक्रम एप्रिल २०१५मध्ये गेला. ॲडम पीटी, तेव्हा विशीतला, ब्रिटनच्या राष्ट्रीय स्पर्धेत ५७.९२ पोहला. ५८ सेकंदांच्या आत जाणारा पहिला माणूस. आणि टँक कुठला? लंडनचाच, तोच ऑलिंपिकचा टँक. वर्षभराने रिओला दोघे एकाच फायनलमध्ये होते. पीटी ५७.१३, नवा जागतिक विक्रम. दुसरा व्हॅन डर बर्ग, ५८.६९. दीड सेकंदाहून जास्त फरक. त्या शर्यतीत तिसरी काय, चौथी किकही उपयोगी पडली नसती.

मी रिओचं ते फुटेज परत परत बघितलंय. पाण्याखालचा शॉट आहे, उडीनंतरचा. स्पीड कमी करून बघा आणि स्वतः मोजा. लंडनचंही बघा, मग आठही लेन मोजा, एकाच माणसावर थांबू नका. काय आकडा येतो ते व्हॉइस नोट करून पाठवा. आणि तो जिल्हा स्पर्धेतला मुलगा तुमच्या ओळखीचा असता, तर त्याच्या बाबांसमोर तुम्ही त्याला काय सांगितलं असतं, तेही त्याच व्हॉइस नोटमध्ये सांगा. मी त्या दिवशी काहीच बोललो नाही, हीट संपल्यावर चहा प्यायला खाली गेलो.

चला, भेटू पुढच्या भागात.